शाळा सुटल्यावर शिट्टी कोणी वाजवायची?

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळवर मात करून अजिंक्यपद मिळविले. पुरुष संघाचे नेतृत्व प्रतीक वाईकर यांच्याकडे आणि महिला संघाचे प्रियांका इंगळे यांच्याकडे होते. म्हणजे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात ज्या खेळाला लेखी नियमांची चौकट मिळाली, तो खेळ एकशे अकरा वर्षांनी जगज्जेतेपदापर्यंत पोचला, याचा मराठी माणसाला अभिमान वाटला तर त्यात गैर काहीच नाही.

परंतु सत्कारांच्या आणि पारितोषिकांच्या या गजबजाटात एक साधा प्रश्न मागेच राहतो. हा खेळ जेथे जगतो, त्या जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत शाळा सुटल्यानंतर मुलांना थांबवून घेणारा, फक्कीने मैदान आखणारा, शिट्टी वाजवणारा माणूस कोण असतो? त्याला कोण नेमतो? त्याच्या श्रमाचा मोबदला कोण देतो? आणि त्याच्या हातून काही बरेवाईट घडले तर तो कोणाला जबाबदार असतो? हे प्रश्न वरकरणी क्रीडाक्षेत्राचे वाटतात. वस्तुतः ते सार्वजनिक व्यवस्थेचे आणि अर्थकारणाचे प्रश्न आहेत, आणि म्हणूनच त्यांचा विचार क्रीडापृष्ठाबाहेर होणे आवश्यक आहे.

मैदान आहे, माणूस नाही

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे, प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचे साहित्य मिळावे, असे आपल्या अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे. मैदानाची आणि चेंडूची तरतूद करणारा हा कायदा माणसाच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतो. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी शारीरिक शिक्षणाच्या स्वतंत्र शिक्षकाची तरतूद त्यात नाही. सहावी ते आठवीसाठी आहे, पण तीही जेथे शंभरांहून अधिक मुले आहेत अशाच शाळांसाठी, आणि तेथेही अंशकालीन निदेशकाची. खेड्यापाड्यांतील, वाडीवस्तीवरील बहुसंख्य शाळा या अटीबाहेरच राहतात. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे त्या कायद्याचे प्रमाण. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळावयाचे, पोषण आहाराची नोंद ठेवावयाची, माहितीचे तक्ते भरावयाचे, निवडणूक आणि जनगणना आली की तिकडे जावयाचे. आणि उरलेल्या वेळात मुलांना पळावयास, उडी मारावयास, हरावयास व जिंकावयास शिकवावयाचे.

याउलट स्पर्धांची व्यवस्था मात्र मोठी नेटकी आहे. अनेक जिल्ह्यांत दरवर्षी हिवाळा आला की जिल्हा परिषदेच्या शाळांच्या क्रीडास्पर्धा सुरू होतात. आधी केंद्रस्तर, मग बीट, मग तालुका, मग जिल्हा. लहान गट आणि मोठा गट. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणे, लांब उडी. याशिवाय शासनाच्या क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा चौदा वर्षांखालील गटापासून सुरू होतात. म्हणजे परीक्षेचे वेळापत्रक ठरलेले आहे, परीक्षक ठरलेले आहेत, निकालपत्रही तयार आहे. फक्त वर्षभर तो विषय शिकवणारा नेमलेला नाही. गणिताच्या बाबतीत असा प्रकार कोणी खपवून घेतला नसता.

पोकळी भरणारे तिघे

निसर्गाप्रमाणे समाजालाही पोकळी मानवत नाही. शासनाने न नेमलेल्या प्रशिक्षकाची जागा तीन प्रकारची माणसे भरून काढताना दिसतात.

पहिला, शाळेतलाच एखादा शिक्षक. स्वतः कधी काळी कबड्डी वा खो-खो खेळलेला, अंगात हौस असलेला. सकाळी शाळा भरण्यापूर्वी आणि सायंकाळी सुटल्यानंतर तो तास-दीड तास मुलांना घेऊन उभा राहतो. पथकाची सगळी व्यवस्था त्याच्या एकट्याच्या डोक्यात असते : कोण चढाईला चांगला, कोण पकडीला, कोणाच्या घरी संध्याकाळी गुरे बांधावयाची असल्याने त्याला लवकर सोडावयाचे, कोणाची आई नाही म्हणते आणि कोणाच्या आजोबांची समजूत घातली की काम होते. या ज्ञानाची कोठेही नोंद नसते. म्हणूनच त्या शिक्षकाची बदली झाली की पथकही त्याच्याबरोबर गावातून जाते. सलग सहा वर्षे तालुका गाजवणारी शाळा सातव्या वर्षी स्पर्धेत उतरतही नाही, याचे कारण मुलांचा दर्जा घसरला हे नसते. बदलीचा आदेश आला हे असते.

दुसरा, गावातला माजी खेळाडू. जिल्ह्याकडून वा राज्याकडून खेळलेला, नोकरीच्या पाच टक्के आरक्षणाची वाट पाहता पाहता तिशी गाठलेला, शेती किंवा एखादे दुकान सांभाळणारा तरुण. खेळाचे ज्ञान त्याच्याजवळ शिक्षकापेक्षा अधिक असते. मुख्याध्यापकांच्या तोंडी परवानगीवर तो शाळेच्या मैदानात येतो. त्याला नियुक्तिपत्र नसते, मानधन नसते, विमा नसतो, आणि त्याच्यावर कोणाचे नियंत्रणही नसते.

तिसरा, गावातले क्रीडामंडळ किंवा शहरालगतची खासगी प्रशिक्षण संस्था. मंडळाला खेळाडू हवे असतात आणि शाळेजवळ मुले असतात. मंडळ साहित्य देते, प्रशिक्षक पाठवते. बदल्यात चांगले खेळाडू मंडळाच्या नावाने जिल्हा संघटनेच्या स्पर्धांत उतरतात. हा व्यवहार वाईट आहे असे नव्हे. महाराष्ट्राच्या देशी खेळांचा सारा इतिहास अशा मंडळांनीच घडविला आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांसमोर करून दाखविली, ती सरकारी तिजोरीच्या जोरावर नव्हे. परंतु मंडळाचा हिशेब हा खेळाडूंचा हिशेब असतो, सर्व मुलांचा नव्हे. जी मुले चमकतात ती मंडळाची. जी चमकत नाहीत ती पुन्हा शाळेचीही राहत नाहीत.

पाच हजारांचा हिशेब

या तिघांच्या हाती पैसा किती असतो, हे पाहणे उद्बोधक आहे. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून सरकारी प्राथमिक शाळेला खेळासाठी वर्षाला ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेला १०,००० रुपये आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेला २५,००० रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद आहे. काहीच नसण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. पण साठ मुलांच्या शाळेत पाच हजार म्हणजे दर मुलामागे वर्षाला सुमारे ८३ रुपये. महिन्याला सात रुपये. या रकमेत दोरीच्या उड्या, काही चेंडू, एखादे कॅरम आणि फक्कीची पोती येतात. माणूस येत नाही. अनुदान साहित्यासाठी आहे; साहित्य वापरावयास शिकवणाऱ्यासाठी नाही. परिणामी पुष्कळ ठिकाणी साहित्य कपाटात सुरक्षित राहते, कारण हरवले तर जबाबदारी मुख्याध्यापकांची.

खो-खो आणि कबड्डी हे गरीब शाळांचे खेळ ठरले, त्याचे कारणही अर्थशास्त्रीय आहे. खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जमीन आणि दोन खांब लागतात. कबड्डीला तर तेही नको, मातीवर चार रेषा ओढल्या की झाले. भांडवल अत्यल्प, श्रम भरपूर, आणि एका वेळी अनेक मुले गुंतलेली. परंतु हा फायदाही आता आक्रसू लागला आहे. २०१४ साली व्यावसायिक कबड्डीची साखळी स्पर्धा सुरू झाल्यापासून मॅटवरचा खेळ हाच खरा खेळ, अशी समजूत खोलवर रुजली. आणि वरच्या स्तरावरील स्पर्धा मॅटवरच होतात. मॅटची किंमत प्राथमिक शाळेच्या कित्येक वर्षांच्या अनुदानाच्या पलीकडची. म्हणजे सराव मातीत करावयाचा आणि सामना मॅटवर द्यावयाचा. पाय घसरतो, गुडघा सोलवटतो, आणि मूल म्हणते की आपल्याला खेळता येत नाही.

स्पर्धेला जाण्याचा खर्च निराळाच. बारा-पंधरा मुलांचा संघ तालुक्याच्या गावी न्यावयाचा तर वडापची जीप ठरवावी लागते, दुपारच्या जेवणाची सोय करावी लागते. हा खर्च बहुधा शिक्षकाच्या खिशातून जातो किंवा ग्रामस्थांच्या वर्गणीतून येतो. शिवाय एक खर्च असा आहे की जो कोणत्याही पावतीवर दिसत नाही. दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक संघाबरोबर गेला की त्या दिवशी निम्मी शाळा बिनशिक्षकी होते. मागे राहिलेली मुले त्या दिवशी काय शिकली, हा प्रश्न विजयाच्या छायाचित्रात येत नाही.

त्यागाचे कौतुक आणि त्यागाची किंमत

आपल्याकडे या सर्व प्रकाराला एक गोड नाव आहे : त्याग. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा आता राज्याचा क्रीडादिन आहे. प्राचार्यांच्या थोरवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागले, ही घटना व्यक्तीच्या दृष्टीने गौरवाची असली तरी व्यवस्थेच्या दृष्टीने लाजिरवाणी आहे. आपण गौरव तेवढा लक्षात ठेवला, लाज विसरलो. तेव्हापासून सात दशके उलटली तरी प्राथमिक शाळेतील खेळ आजही कोणीतरी काहीतरी गहाण टाकल्यावरच चालतो. घर नसेल तर आपली संध्याकाळ, आपला रविवार.

अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा असा की फुकट काहीच नसते. किंमत कोणी मोजली एवढाच प्रश्न असतो. फुकट प्रशिक्षणाचीही किंमत असते आणि ती तीन प्रकारे वसूल होते. एक, तिचा पुरवठा अत्यंत विषम होतो. हौशी शिक्षक ज्या गावाला लाभला तेथील मुले खेळतात, शेजारच्या गावची खेळत नाहीत. आणि हा फरक केवळ योगायोगाचा असतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. त्या शर्यतीचे रीतसर प्रशिक्षण त्यांना मिळाले ते लष्करात दाखल झाल्यानंतर. लहानपणी सहा किलोमीटर अंतर पायी तुडवून शाळेत जाणाऱ्या या मुलाच्या पायांतील बळ ओळखण्याची जबाबदारी कोणावर होती? तर कोणावरच नव्हती. दुसरी वसुली अशी की ज्याला पैसे मिळत नाहीत तो अन्य स्वरूपात मोबदला शोधतो : कधी प्रतिष्ठेत, कधी गावच्या राजकारणात, कधी पुढे काढावयाच्या खासगी वर्गासाठी मुले हेरण्यात. आणि तिसरी, जो उपकार करतो त्याला जाब विचारता येत नाही. ‘एवढे करतोय ते काय कमी आहे?’ या वाक्यापुढे मुख्याध्यापक, पालक आणि अधिकारी सारेच गप्प होतात.

त्यागावर व्यवस्था उभारली की ती अखेर कोठे जाते, हे पाहावयाचे असेल तर जपानचे उदाहरण बोलके आहे. तेथील सार्वजनिक शाळांत शाळा सुटल्यानंतरची क्रीडापथके ही शिक्षकांनीच सांभाळावयाची, अशी परंपरा दृढ झाली. १९७१ च्या कायद्याने शिक्षकांना जादा कामाच्या मोबदल्याऐवजी मूळ वेतनाच्या चार टक्के इतकी सरसकट रक्कम देऊन विषय मिटविला. परिणामी संध्याकाळ आणि शनिवार-रविवार मैदानावर घालवणारा शिक्षक थकत गेला आणि पथकांतील शिस्त कठोर होत गेली. डिसेंबर २०१२ मध्ये ओसाकामधील एका सार्वजनिक शाळेतील बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली, तेव्हा सारा देश हादरला. त्यानंतर २०१७ मध्ये बाहेरील प्रशिक्षकांना शाळेचे रीतसर कर्मचारी म्हणून नियमांत स्थान देण्यात आले. २०१८ मध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस विश्रांती आणि शाळेच्या दिवशी सुमारे दोन तासांपर्यंतच सराव, अशी मार्गदर्शक तत्त्वे आली. २०२२ मध्ये तेथील ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कारण जिंकण्याच्या हव्यासापायी लहान मुलांचे वजन घटविण्यापर्यंत मजल गेली होती. २०२५ मध्ये ते चार टक्के टप्प्याटप्प्याने दहांवर नेण्याचा कायदा झाला. चाळीस-पन्नास वर्षांच्या फुकट श्रमाचे बिल त्या देशाने असे उशिरा आणि चढ्या दराने चुकते केले.

पदक हे माप चुकीचे

प्रशिक्षक पथक कसे चालवतो, हे त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्यासमोर ठेवलेल्या मापावर अधिक अवलंबून असते. आज हे माप एकच आहे : ढाल. केंद्रात पहिला, तालुक्यात पहिला. पुढे जाऊन दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि नोकरीतील पाच टक्के आरक्षण हेही प्रमाणपत्राला जोडलेले. जेथे प्रमाणपत्राला बाजारभाव येतो तेथे खोट्या प्रमाणपत्रांचा धंदा सुरू होतो, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे.

अशा मापाखाली प्राथमिक शाळेतील प्रशिक्षकाने काय करावे? त्याच्यापुढे चाळीस मुले आहेत आणि वेळ तासाभराचा. जिंकावयाचे असेल तर त्याने उंच, दणकट अशी बारा मुले निवडून त्यांच्यावरच मेहनत घेणे हेच तर्कशुद्ध. उरलेली अठ्ठावीस मुले चेंडू आणून देतात, टाळ्या वाजवतात आणि हळूहळू घरी जाऊ लागतात. दहाव्या वर्षी ‘तू राखीव’ असे ऐकलेले मूल अकराव्या वर्षी खेळत नाही, आणि मग पन्नाशीत डॉक्टरांनी सांगितल्यावर चालावयास लागते.

शिवाय या वयात निवडलेली मुले गुणी असतात की नुसती मोठी असतात, हाही प्रश्न आहे. १९८० च्या दशकात कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांचा अभ्यास झाला, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची संख्या विलक्षण अधिक आढळली. कारण साधे होते. वयोगट कॅलेंडर वर्षाने ठरत असल्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठे, म्हणून थोडे उंच. म्हणून निवडले गेले, म्हणून अधिक सराव मिळाला, म्हणून अखेर खरोखरीच चांगले झाले. आपल्याकडे तर जन्मतारीख हाच एक लवचीक पदार्थ होता. मागच्या पिढीत निम्मे गाव १ जूनला जन्मलेले असे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटे. आता जन्मदाखले आले, तरी वयचोरीचा मोह गेलेला नाही. कारण मोहाचे मूळ दाखल्यात नसून ढालीत आहे.

नॉर्वेने या मुळावरच घाव घातला. तेथील क्रीडासंघटनांच्या नियमांनुसार मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत स्पर्धांचे गुणानुक्रम आणि निकालाचे तक्ते लावले जात नाहीत आणि तेरा वर्षांपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा नाहीत. अशाने मुले मऊ पडतील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण सुमारे पंचावन्न लाख लोकवस्तीच्या या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके जिंकून पदकतालिकेत पहिले स्थान मिळविले. नॉर्वेची संपत्ती आणि बर्फ आपल्याजवळ नाही, हे खरे. पण लहान मुलांना लवकर न गाळणे याला बर्फ लागत नाही, आणि फारसा पैसाही लागत नाही.

भूक, मुली आणि भीती

आणखी तीन गोष्टी अशा की ज्यांचा भार आज एकट्या प्रशिक्षकावर आहे. पहिली भूक. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. ते एका शालेय दिवसासाठी ठरले आहे. दुपारच्या त्या खिचडीवर सायंकाळी साडेपाचपर्यंत पळण्यासाठी नव्हे. चांगले प्रशिक्षक पदरमोड करून चणे-गूळ, केळी आणतात. ज्यांना ते परवडत नाही ते सराव कमी करतात किंवा मुलांना उपाशी पळवतात.

दुसरी गोष्ट मुलींची. प्राथमिक शाळेत मुली मुलांच्या बरोबरीने, पुष्कळदा अधिक चपळाईने खेळतात. पाचवी-सहावीत त्या मैदानातून नाहीशा होऊ लागतात. घरचे काम, अंधार पडण्यापूर्वी घरी पोचण्याची अट, आणि परगावी नेणारी स्त्री सोबत नसणे, ही त्याची कारणे. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा अनेक मुलींच्या आईबापांना हा खेळ म्हणजे काही मिळवून देणारी गोष्ट आहे असे प्रथमच वाटले असेल. पण पुरस्काराने वाट दिसते. वाटेवर सोबत हवी असते ती एखाद्या प्रशिक्षिकेची.

तिसरी गोष्ट बोलावयास अवघड, पण टाळून चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते. वर्गात छडी उगारणे गैर, हे आता शिक्षकाने मान्य केले आहे. मैदानावर मात्र ‘दहा फेऱ्या मार’ किंवा गालावर एक चापट, याला अजूनही प्रशिक्षणच समजले जाते. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने शिक्षणसंस्थेतील कर्मचाऱ्याने आणि मुलांच्या विश्वासाच्या स्थानी असलेल्या व्यक्तीने केलेला गुन्हा अधिक गंभीर ठरविला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची संतापजनक घटना घडली आणि शाळेत वावरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चारित्र्य पडताळणीचा प्रश्न ऐरणीवर आला. ज्या प्रशिक्षकाची नेमणूकच नाही, त्याची पडताळणी कशी होणार? नियुक्तिपत्राचा उपयोग केवळ पगारासाठी नसतो. ते मुलांचेही संरक्षण असते, आणि खोट्या आरोपापासून सज्जन प्रशिक्षकाचेही.

सव्वा रुपयाची गोष्ट

मग करावयाचे काय? प्रत्येक प्राथमिक शाळेला क्रीडाशिक्षक द्या, ही मागणी घोषणा म्हणून उत्तम असली तरी वीस-तीस मुलांच्या शाळांच्या बाबतीत व्यवहार्य नाही. परंतु महाराष्ट्रात शाळांची केंद्रे आहेत, त्यांवर केंद्रप्रमुख आहेत, आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शाळासमूहांनी क्रीडाशिक्षक सामाईक ठेवावेत असे सुचविते. तेव्हा एका केंद्राला एक प्रशिक्षक, हे सूत्र धरता येईल. समजा, एका केंद्रात १० शाळा आणि ६०० मुले आहेत. त्या शाळांची क्रीडा अनुदाने एकत्र केली तरी ५०,००० रुपयेच होतात. त्यात प्रशिक्षक बसत नाही. पण त्याला दरमहा १५,००० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचे मानधन द्यावयाचे म्हटले तर खर्च येतो दीड लाख रुपये. म्हणजे दर मुलामागे वर्षाला २५० रुपये. शाळेचे दिवस २०० धरले तर दिवसाला सव्वा रुपया. राज्यात अशी केंद्रे पाच हजारांच्या घरात आहेत, हे लक्षात घेता एकूण बोजा ७५ कोटींच्या आसपास जाईल. शालेय शिक्षणावर दरवर्षी हजारो कोटी रुपये खर्च करणाऱ्या राज्याला तो न पेलण्याजोगा नाही. माजी खेळाडूला मानधन देऊन प्रशिक्षक नेमण्याचे तत्त्व केंद्र सरकारने ‘खेलो इंडिया’ केंद्रांच्या रूपाने स्वीकारलेच आहे. ते तत्त्व जिल्ह्याच्या ठिकाणी न थांबता वाडीपर्यंत पोचले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

नेमणूक लेखी असावी आणि तीत चार-पाच अटी स्पष्ट असाव्यात. प्रत्येक सरावात प्रत्येक मुलाला खेळावयास मिळालेच पाहिजे. पाचवीपर्यंत ढाल नको, क्रमांक नको, मेळावा हवा. आठवड्यातून दोन दिवस विश्रांती. शारीरिक शिक्षा नाही. मुलींच्या संघाबरोबर प्रवासात स्त्री असलीच पाहिजे, आणि निम्म्या नेमणुका स्त्रियांच्या असाव्यात. सरावाच्या दिवशी मूठभर चणे-शेंगदाण्यांची तरतूद पोषण आहारातच व्हावी. शाळेतील जो शिक्षक स्वतःहून हे काम करतो, त्याचे तास कायद्याने ठरवून दिलेल्या आठवड्याच्या ४५ तासांत मोजले जावेत, आणि बदलीच्या वेळी पथकाची नोंदवही त्याने पुढच्याच्या हाती द्यावी. देखरेखीसाठी नवी समिती नको. शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. प्रशिक्षकाचा हिशेब तिच्यापुढे यावा, आणि त्या हिशेबाचा पहिला रकाना ‘किती ढाली’ हा नसून ‘किती मुले खेळली’ हा असावा.

यावर आक्षेप येतील. मुले तशीही खेळतातच, त्यांना शिकवणारा कशाला? पूर्वी हे खरे होते. आज अंगणे गेली, मोकळ्या जागा गेल्या, आणि मुलांच्या हातात मोबाइल आला. मानधन सुरू झाले की सेवाभाव संपेल, असेही कोणी म्हणेल. सेवाभावाचा हा युक्तिवाद पूर्वी शिक्षकांच्या आणि परिचारिकांच्या वेतनाबाबतही होत असे. आणि तो करणारे स्वतः वेतन घेत असत. मानधनाने सेवाभाव मरत नाही. हौशी माणूस चाळिशीत थकून घरी बसतो तो मात्र मानधनाअभावी. राहिला कंत्राटी नेमणुकीचा प्रश्न. दहा महिन्यांचे मानधन हे सन्मानाने जगण्याचे साधन नव्हे, ही टीका रास्त आहे. हे पाऊल पहिले समजावे, शेवटचे नव्हे.

प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाला वर्गात जे मिळते त्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. मैदानावर त्याला जे मिळते ते वर्गात मिळत नाही : हरूनही दुसऱ्या दिवशी परत येणे, पंचाचा निर्णय मान्य करणे, आपल्यापेक्षा कच्च्या गड्याला सांभाळून घेणे. सरकारी शाळेतील मुलाच्या आईबापांजवळ हे बाहेरून विकत घेण्याची ऐपत नसते. ज्यांच्याजवळ असते त्यांची मुले आज शुल्क भरून संध्याकाळच्या वर्गांना जातातच. तेव्हा शाळा सुटल्यावर शिट्टी कोणी वाजवायची, या प्रश्नाचे उत्तर ‘ज्याला हौस असेल त्याने’ असे देत राहणे म्हणजे खेळ ही गरिबाच्या मुलाच्या नशिबाची गोष्ट आहे असे मान्य करणे होय. दिवसाला सव्वा रुपया वाचविण्यासाठी एवढी मोठी गोष्ट मान्य करावी काय, हे राज्यकर्त्यांनी आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपण सर्वांनी ठरवावयाचे आहे.